चिरोट्याची नक्षी आणि प्लॅस्टिकची माती

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील उंद्री या गावी विद्यार्थ्यांशी गप्पा मारण्याचा एकदा योग आला. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी आपले पेन घेऊन पुढे आली. पेनाच्या दांडीवर नखाएवढी निळी-पांढरी फुले दाटीने बसवलेली होती. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका, आणि सगळी फुले अगदी एकसारखी. पुण्याच्या मावसबहिणीने ते तिला करून पाठवले होते.

"मॅडम, ताई म्हणते ही माती आहे. मग ती पाण्यात भिजत का नाही? आणि इतकी सारखी फुलं तिनं हातानं काढली कशी?"

प्रश्न दोन, पण उत्तर उभ्या उभ्या देता येईना. पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, दुसरा भूमितीचा, आणि दोन्हींच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. तिला जे सांगायचे राहून गेले ते येथे लिहीत आहे.

फुले काढलेली नाहीत, कापलेली आहेत

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चिरोटे करताना आपण पातळ पोळ्यांवर साटा लावतो, त्या एकावर एक ठेवतो, घट्ट गुंडाळी करतो आणि तिचे काप करतो. प्रत्येक कापावर तेच वेटोळे दिसते. एक पोळी गुलाबी असेल तर गुलाबी-पांढरे वेटोळे दिसते. अळूवडीचेही तसेच. हे वेटोळे कोणी वरून काढलेले नसते. ते गुंडाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून गेलेले असते. सुरी ते फक्त उघडे करते.

पेनावरची फुले अशीच होतात. पिवळ्या रंगाची एक कांडी मध्ये ठेवायची, भोवती पाच निळ्या कांड्या, फटींमध्ये पांढरा रंग भरायचा आणि सगळे मिळून एक जाड कांडे करायचे. मग ते हळूहळू दाबत, वळत लांब करायचे. कांडे बारीक होते, फूलही लहान होते, पण त्याचा आकार बदलत नाही. घनफळ कायम राहते, म्हणून व्यास निम्मा झाला की लांबी चौपट होते. ४ सेंटिमीटर व्यासाचे आणि ६ सेंटिमीटर लांबीचे कांडे २ सेंटिमीटर व्यासाचे केले, तर ते २४ सेंटिमीटर लांब होईल. त्याच्या ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या केल्या तर ८० फुले मिळतील. फूल रचण्याचे कष्ट एकदाच, आणि तेही मोठ्या आकारात.

काचेतली फुले

ही युक्ती प्लॅस्टिकच्या किती तरी आधीची आहे. रंगीत काचेचे तुकडे जुळवून, ते तापवून एकजीव केलेली पात्रे मेसोपोटेमियात ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकाच्या आसपास होऊ लागली होती. पुढे ग्रीक आणि रोमन काळातील इजिप्तमध्ये काचेच्या बारीक कांबी जुळवून, तापवून आणि ताणून नक्षीच्या कांड्या करण्याची कला फार पुढे गेली. तेथील कारागीर माणसाचा चेहरासुद्धा कांडीत रचत. त्यातही त्यांनी एक बचत शोधली होती. चेहऱ्याचा अर्धाच भाग रचायचा, दोन चकत्या कापायच्या आणि एक उलटी करून दुसरीला जोडायची. आरशातील प्रतिमेचा गुणधर्म त्यांना हातांनी ठाऊक होता.

एकोणिसाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर ही कला पुन्हा जोमाने सुरू झाली. या काचेला 'मिल्लेफिओरी', म्हणजे 'हजार फुले', हे इटालियन नाव मिळाले. असे मणी व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर नेले.

आपल्या भागाचा या जगाशी संबंध होता का? पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे टिपण उपलब्ध आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने कच्च्या काचेची नोंद केली आहे, आणि पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालात ऑनिक्स या पट्टेदार दगडाची. चिखलीच्या पश्चिमेला, जालना जिल्ह्यात, केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे वस्तू आणि कल्पना दोन्ही दिशांनी प्रवास करीत होत्या. भोकरदनला काचफुले होत असत असा याचा अर्थ नाही; पण ज्या व्यापारात ती फिरत होती, त्याच्या वाटा येथवर येत होत्या.

पट्टेदार दगडासाठी तर उंद्रीच्या मुलांनी लांब जायला नको. दख्खनचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. त्या लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत सिलिकाचे थरावर थर बसत गेले आणि अकीक तयार झाला. ओढ्याच्या पात्रात सापडणारी एखादी गारगोटी फोडली, तर आतपर्यंत गेलेले पट्टे दिसतात. हासुद्धा आतून रचलेल्या नक्षीचाच नमुना. रचणारा तेवढा निसर्ग.

लाख, कापूर आणि एक फसलेला गोंद

आता पहिला प्रश्न. काच वितळवायला भट्टी लागते. कमी उष्णतेत मऊ होणारा पदार्थ आपल्याकडे होता, तो म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या कीटकांचा हा स्राव. शेगडीवर धरला की मऊ होतो, निवाला की कडक होतो, पुन्हा तापवला की पुन्हा मऊ. लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या या गुणाचा उपयोग करीत आले आहेत.

माणसाने केलेल्या प्लॅस्टिकची गोष्ट सुरू होते ती एका ओळखीच्या वस्तूपासून, कापरापासून. नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ कडक आणि ठिसूळ असतो. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी १८७० च्या सुमारास त्यात कापूर मिसळला आणि घडवता येणारे सेल्युलॉइड मिळाले. कापराचे रेणू लांबलचक साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात. अशा पदार्थाला मृदुकारक म्हणतात. सेल्युलॉइडच्या फण्या आणि बाहुल्या घरोघर गेल्या, पण त्यांना एक मोठा दोष होता. त्या भडकन पेट घेत.

दुसरा धागा पॉलिव्हिनिल क्लोराइडचा, म्हणजे आपल्या पीव्हीसीचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना १८७२ साली उन्हात राहिलेल्या व्हिनिल क्लोराइडमध्ये पांढरा घन पदार्थ तयार झालेला दिसला. त्याचा उपयोग मात्र कोणाला सुचेना. १९२६ मध्ये अमेरिकेतील गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी गोंद शोधत होते. त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवले. गोंद काही मिळाला नाही, पण थंड झाल्यावर रबरासारखा लवचीक पदार्थ हाती आला. कापराचे काम येथे त्या द्रवाने केले होते.

बाहुलीसाठी आलेली वस्तू

केटे क्रूझे या जर्मनीतील नामवंत बाहुली-कारागीर. १९३९ च्या सुमारास बाहुलीचे डोके घडवण्यासाठी म्हणून घडाऊ प्लॅस्टिकचा एक प्रकार त्यांच्याकडे आला. कारखान्याच्या कामाला तो उपयोगी पडला नाही, म्हणून त्यांनी तो आपल्या मुलीला, सोफीला दिला. तिला घरी फिफी म्हणत. तिने त्यावर प्रयोग केले आणि पुढे तो 'फिफी मोझाइक' या नावाने विकला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो घेतला, आणि फिफीच्या नावाचा अंश राखून 'फिमो' हे नाव रूढ झाले.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही कलाकारांनी काचेची जुनी कांडी-पद्धत या नव्या मातीत आणली. १९९१ साली नॅन रोश यांचे 'द न्यू क्ले' हे पुस्तक आले आणि ही कला घराघरांतील हौशी लोकांपर्यंत पोचली. त्यानंतर पेने, घड्याळे, डब्यांची झाकणे, विजेऱ्या अशा रोजच्या लहानसहान वस्तूंवर हजार फुले उमलू लागली.

माती, पण कोणत्या अर्थाने?

कुंभाराच्या मातीत खनिजांचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असला की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून माती घडवता येते. म्हणजे येथे मृदुकारक आहे पाणी. माती वाळली की ते निघून जाते, आणि भाजल्यावर तर खनिजाची रचनाच बदलते.

पेनावरच्या 'मातीत' पीव्हीसीचे सूक्ष्म कण, तेलासारखा मृदुकारक आणि रंग असतात. भरण म्हणून थोडी खनिज भुकटीही असते. पाणी नसल्याने ती हवेत वाळत नाही. ११० ते १३० अंश सेल्सिअसला तापवली की कण मृदुकारक शोषून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि सलग वस्तू बनते. मृदुकारक निघून जात नाही, आतच राहतो. पीव्हीसीला पाणी भिजवू शकत नाही, म्हणून फूलही भिजत नाही. ही माती म्हणायची ती घडवण्याच्या गुणामुळे, घटकांमुळे नव्हे. 'प्लॅस्टिक' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही 'घडवण्याजोगे' असाच आहे.

वर्गात नेण्यापूर्वी

हे संच आता सहज मिळतात, म्हणून शिक्षकांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पीव्हीसी १७५ अंशांच्या वर जाऊ लागले की त्याचे विघटन होते. ते पिवळे, तपकिरी, मग काळे पडते आणि हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. म्हणून ही माती गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर कधीही भाजू नये. तापमापक असलेली भट्टी, उघड्या खिडक्या आणि मोठ्या माणसाची देखरेख हवीच. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. पूर्वी मृदुकारक म्हणून थॅलेट गटातील रसायने सर्रास वापरीत. त्यांपैकी काहींवर मुलांच्या खेळण्यांसाठी युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये बंधने घातली. घटकांची माहिती न छापलेला स्वस्त संच शाळेसाठी घेऊ नये.

वस्तू कोणती सजवायची हेही पाहावे. स्वस्त पारदर्शक पेने बहुधा पॉलिस्टायरिनची असतात; ती भट्टीत वाकतात. शिवाय न भाजलेल्या मातीतला मृदुकारक त्या प्लॅस्टिकला विरघळवून चिकट करतो. धातू किंवा काच चालते. गणकयंत्र, घड्याळ किंवा सेल असलेली कोणतीही वस्तू भट्टीत घालू नये. त्यांच्यासाठी चकत्या वेगळ्या भाजून मग चिकटवाव्यात.

भूमिती शिकवायला मात्र यातले काहीच लागत नाही. कणकेचे दोन गोळे घ्या, एकात हळद घाला, दुसऱ्यात बिटाचा रस. फुलाचे कांडे करा, लांबी-व्यास मोजा, वळा, पुन्हा मोजा आणि लांबी × व्यासाचा वर्ग ही संख्या कायम राहते का ते तपासा. मग एक गोळा मुद्दाम सैल मळा आणि पुन्हा करून पाहा. सैल कणीक आधी पसरते आणि फूल विस्कटते. दोन्ही रंगांची घट्टता सारखी लागते. हीच अडचण इजिप्तच्या काचकारागिरापुढेही होती. टोकांकडची नक्षी का बिघडते, हा प्रश्न मुलांवरच सोपवावा.

उंद्रीच्या त्या मुलीने फुलांकडे पाहून "सुंदर आहेत" एवढेच म्हटले असते, तरी चालले असते. तिने "सारखी कशी?" असे विचारले. पुढच्या वेळी घरी चिरोटे होतील तेव्हा त्याचे निम्मे उत्तर तिला परातीतच सापडेल.