अंथरुणांतील धूळ

मालवणच्या किनाऱ्यावर दम्याचा दोष बहुधा खाऱ्या वाऱ्यास देण्यांत येतो. आमच्या आजोळीं एक वृद्ध आप्त होते. आषाढ लागला कीं त्यांची छाती भरून येई, आणि घरचीं माणसें खिडक्या लावून त्यांस जाड गादीच्या उबेंत निजवीत. रात्र ते बसूनच काढीत. वारा बंद केल्यावरही धाप कां लागते, हा प्रश्न तेव्हां कोणास पडला नाहीं. आम्हांसही तो पुष्कळ वर्षांनीं पडला.

चरकसंहितेंत तमकश्वासाचें जें वर्णन आहे तें आजच्या दम्याशीं बरेंच जुळतें. ढग, पाऊस व थंडी यांनीं तो वाढतो, रोग्यास बसल्यानें बरें वाटतें. आणि श्वासरोगाच्या कारणांत धुळीचाही उल्लेख आहे. धूळ आणि ओल अशीं दोन्ही कारणें एकाच अध्यायांत आहेत. परंतु पावसाळ्यांत तर धूळ बसते. मग दमा वाढावा कां?

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पाश्चात्य डॉक्टरांनीं घरांतील धुळीचा अर्क त्वचेंत टोंचून पाहिला, तेव्हां अनेक दमेकऱ्यांची त्वचा तेथें लाल होऊन सुजली. धुळींत अपायकारक असें काय आहे, हें मात्र कळेना. तें १९६४ च्या सुमारास हॉलंडांत लायडन येथें फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनीं दाखविलें. कोळी व गोचीड यांच्या गणगोतांतला, मिलिमीटरच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढा हा जीव माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतो. तो पाणी पीत नाहीं. हवेंतील ओलच शोषून घेतो. ओलसर घरांत त्याची वस्ती दाट असते ती यामुळें. ज्या वलंदेजांची वखार सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास होती, त्यांच्या दमट देशांत हा शोध लागावा यांत नवल नाहीं.

हा जीव चावत नाहीं. अपाय करते ती मुख्यतः त्याची विष्ठा. तिच्यांतील ‘डेर पी १’ हें प्रथिन १९८० मध्यें वेगळें काढण्यांत आलें. तें मूळचें पाचक द्रव्य असून श्वासनलिकेच्या अस्तरांतील पेशींचे सांधे उसवितें, असें पुढें प्रयोगांत दिसून आलें. ज्यांची प्रकृति तशी असते त्यांच्या शरीरांत त्याविरुद्ध आयजीई नांवाचीं प्रतिद्रव्यें तयार होऊन मास्ट पेशींवर बसतात. (हीं प्रतिद्रव्यें इशिझाका दांपत्यानें १९६६ मध्यें ओळखिलीं.) पुन्हां ती धूळ श्वासांत गेली कीं त्या पेशींतून हिस्टामीन सुटतें, नळ्या आकसतात. कांहीं तासांनीं इओसिनोफिल पेशी गोळा होऊन अस्तर सुजवितात. धाप ओसरली तरी ही सूज राहते, आणि रोज रात्रीं उशीपाशीं तिला नवें खाद्य मिळतें. श्वासावाटें घ्यावयाचीं स्टेरॉइडें नियमित घेण्यास सांगतात तीं या सुजेसाठींच. सर्वांचाच दमा धुळीचा असतो असें मात्र नव्हे.

आमच्या आजोळीं दसऱ्यानंतर गाद्या खळ्यांत उन्हास टाकीत. उन्हानें गादी सुकते. विष्ठा आंतच राहते. चादरी पंचावन्न अंशांहून अधिक उष्ण पाण्यांत धुवाव्या, गादीस घट्ट विणीची खोळ घालावी, हें त्या काळीं कोण सांगणार? पिंजारी गादी उसवून कापूस पिंजावयास बसे, तेव्हां चोरी होऊं नये म्हणून ते वृद्ध गृहस्थ दिवसभर स्वतः त्याच्यासमोर बसून राहत.