दीक्षेनंतरची पाठशाळा

दीक्षा झाली कीं धर्मगुरूचें शिक्षण संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. पवित्र ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र निराळें सांगतो. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं त्याचें स्मरण करणें उचित होय.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें सन १५६३ मध्यें धर्मप्रांतोप्रांतीं सेमिनरी स्थापाव्या, असा ठराव केला. त्यायोगें दीक्षेपूर्वीच्या शिक्षणाची सोय झाली. परंतु दूरच्या खेड्यांत एकट्या पडलेल्या धर्मगुरूस पुढें कोणीं सांभाळावें, हा प्रश्न उरलाच. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनीं विभागवार धर्मगुरूंच्या नियमित सभा भरविल्या. पॅरिस येथें संत व्हिन्सेंट द पॉल यांनीं सन १६३३ पासून दर मंगळवारीं धर्मगुरूंना एकत्र बोलाविलें; एखादा सद्गुण वा एखादें कर्तव्य घेऊन प्रत्येकानें आपला विचार बंधूंपुढें साधेपणानें मांडावा, अशी तेथील रीत होती.

परंतु सर्वांत हृदयंगम उदाहरण संत जॉन मेरी व्हिआनी यांचें. लॅटिन न साधल्यामुळें लिआँच्या सेमिनरींतून त्यांस परत पाठविण्यांत आलें. एक्युलीचे वृद्ध धर्मगुरू फादर बाले यांनीं त्यांस स्वगृहीं शिकविलें, त्यांच्यासाठीं वरिष्ठांकडे रदबदली केली, आणि सन १८१५ मध्यें दीक्षा झाल्यावर सहायक म्हणून आपल्यापाशींच ठेवून घेतलें. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार व्हिआनींना प्रथम मिळाला नव्हता. गुरूंच्या हाताखालीं धर्मशास्त्राचा अभ्यास तसाच चालू राहिला. अधिकार मिळाल्यावर शिष्यापुढें पहिल्यानें गुडघे टेकले ते गुरूंनींच, असें चरित्रकार लिहितात. सन १८१७ मध्यें फादर बाले निवर्तले. पुढील वर्षीं व्हिआनी आर्स गांवीं गेले व सन १८५९ मध्यें देह ठेवीपर्यंत तेथेंच सेवारत राहिले. ज्यांस एकदां अयोग्य ठरविलें, तेच सन १९२९ मध्यें धर्मग्रामांच्या सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरले!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६५ मध्यें, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सन १९९२ मध्यें, दीक्षेनंतरच्या शिक्षणाचें महत्त्व पुनः प्रतिपादिलें. कारण उघड आहे. जो धर्मगुरू कोणापाशीं शिकत नाहीं, त्याचें प्रवचन जुन्या वहीचें वाचन बनतें. आणि त्याची झळ वेदीस नव्हे, बाकांवर बसलेल्या भाविकांस लागते.

म्हणून, प्रिय ख्रिस्तजन हो, आपला धर्मगुरू तपोसाधनेस वा धर्मगुरूंच्या सभेस जातो, तेव्हां तो कामांतून सुटला असें समजूं नका. तो तुमच्याचसाठीं शिदोरी आणावयास गेला आहे. आणि आम्हां वडील धर्मगुरूंच्या दारीं तरुण बंधु येईल, तेव्हां तें दार फादर बाले यांच्या दारासारखें उघडें असावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.