मेलेला बोर्ड आणि प्रिंटरची तार

नागपुरात बर्डीवर 'चिप लेव्हल'ची पाटी लावलेल्या दुकानांत टेबलावर बहुधा एक काळी पट्टी पडलेली असते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला खटक्याचं सॉकेट, मधे एक काळा आयसी. बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करताना लाइट गेली, आता पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, अशी तक्रार घेऊन बोर्ड आला की कारागीर ही पट्टी पुढे ओढतो. तिला तारांची क्लिप जोडतो आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी ती बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपला लावतो. आधी जुना डम्प वाचून ठेवायचा, मग चिप पुसायची, नवी फाइल चढवायची, पडताळायची. "बोर्ड चांगला आहे न जी, बायोस उडला फक्त." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

त्या पट्टीवरचा आयसी म्हणजे सीएच३४१ए, चीनमधल्या नानजिंगच्या किनहेंग कंपनीचा. त्याची माहितीपत्रिका मी सहज चाळली आणि तिथेच अडकलो. हा आयसी बायोससाठी जन्मलेलाच नाही. यूएसबीतून जुन्या पद्धतीचे पोर्ट बनवून देणं हे त्याचं काम: सीरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट आणि प्रिंटर. तो ज्या रूपात लावाल त्याप्रमाणे संगणकाला आपली ओळख वेगळी सांगतो. ५५२३ म्हटलं की सीरियल, ५५८४ म्हटलं की प्रिंटरची केबल, आणि बायोस भरताना ५५१२. त्याहून गमतीची गोष्ट त्याच्या पायांची. बायोसच्या चिपशी बोलायला चार तारा पुरतात: निवड, ठोका, जाणारा डेटा, येणारा डेटा. सीएच३४१एमध्ये या चार तारा निघतात त्या डी०, डी३, डी५ आणि डी७ या पायांवरून, म्हणजे समांतर डेटाच्या ज्या आठ तारांवरून प्रिंटरला अक्षर जातं, त्यांतल्याच चार. मेलेला बोर्ड उठवण्याची विद्या प्रिंटरच्या घराण्यातली आहे, हे माझं म्हणणं तिथून सुरू झालं.

घराण्याचा मूळ पुरुष सेंट्रॉनिक्स. १९७० साली या अमेरिकी कंपनीने मॉडेल १०१ हा प्रिंटर आणला. त्याचा ३६ पिनांचा कनेक्टर कुठून आला याची एक गोष्ट सांगतात. सेंट्रॉनिक्सचं बीज वांग लॅबोरेटरीजमध्ये पडलं होतं, आणि वांगकडे कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले वीसेक हजार कनेक्टर शिल्लक पडून होते, तेच प्रिंटरला लावले म्हणे. गोष्ट थोडी जास्तच गोंडस आहे, पण मला ती खरी वाटते. ३६ पिनांपैकी कितीतरी नुसत्या ग्राउंडला बांधलेल्या आहेत, आणि मापून घेतलेल्या मालात एवढी उधळपट्टी कुणी करत नाही. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीला हाच इंटरफेस २५ पिनांच्या कनेक्टरवर दिला. आठ तारा बाहेर, चार नियंत्रणाच्या, पाच आत येणाऱ्या. त्या आत येणाऱ्या पाच तारा कागद संपला, प्रिंटर गुंतला आहे असं कळवण्यासाठी. पण प्रोग्रामरला त्यात दुसरंच दिसलं: हव्या त्या तारेवर शून्य किंवा एक टाकता येतो आणि पाच तारांवरून उत्तर वाचता येतं. पीसीच्या पाठीवर याहून स्वस्त प्रयोगशाळा नव्हती.

इथे पहिला प्रतिस्पर्धी दावा उभा राहतो. जाणकार म्हणतात, चिप भरणं हा ईप्रॉम प्रोग्रामरचा वारसा, प्रिंटरचा त्यात काय संबंध? इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली १७०२ ही ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी चिप, दिली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असे. अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवली की ती कोरी होई. थेट उन्हात साधारण आठवड्यात पुसली जाईल, असा इशारा ईप्रॉमच्या माहितीपत्रकांत असे, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावत. (नागपूरकरांनी इथे मे महिना आठवू नये. पुसतं ते अतिनील, उकाडा नव्हे.) पण ईप्रॉम भरायला १२, २१ किंवा २५ व्होल्ट लागत, आणि प्रिंटर पोर्ट पाचाच्या वर जात नाही. म्हणून प्रोग्रामर हे वेगळं, महाग यंत्र राहिलं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची फ्लॅश मेमरी १९८४ साली जगासमोर आली. पुढे ती चिपच्या नेहमीच्या व्होल्टवरच पुसली आणि भरली जाऊ लागली, आणि यंत्राची मक्तेदारी संपली. वाचा, पुसा, भरा, पडताळा हा क्रम ईप्रॉमवाल्यांचा, हे मी मान्य करतो. तारा मात्र प्रिंटरच्या.

दुसरा दावा हॉट स्वॅपचा. २६ एप्रिल १९९९ रोजी, सोमवारी, सीआयएच व्हायरसने जगभर डिस्क पुसल्या, आणि इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटवाल्या बोर्डांचा बायोसही उडवला. तेव्हा बायोस ३२ पायांच्या, सॉकेटात बसणाऱ्या चिपमध्ये असे. तसाच दुसरा चांगला बोर्ड चालू करायचा, बायोस रॅममध्ये गेला की वीज चालू असतानाच त्याची चिप उपटायची, तिथे मेलेली चिप बसवायची आणि फ्लॅश करायचं. चिप सहज निघावी म्हणून तिच्याखालून आधीच दोरा ओवून ठेवणारे होते. कला धाडसाची, पण तिला वंश नाही. चिप बोर्डाला डाखली गेली आणि ती संपली. फ्लॉपीतून सावरणारा बूट ब्लॉक, कंट्रोल-होम, गिगाबाइटचा दुहेरी बायोस आणि पुढची यूएसबी फ्लॅशबॅकची बटणं या बोर्ड बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेल्या सोयी. त्या चालल्या तर बोर्ड बर्डीवर येतच नाही.

मग प्रिंटरची तार दुकानापर्यंत आली कशी? माझा अंदाज असा: इंजिनिअरिंगच्या पोरांमुळे. प्रिंटर पोर्ट सर्रास असण्याच्या काळात अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टात ८०५१ मायक्रोकंट्रोलर ठरलेला, आणि ॲटमेलची एटी८९एस५२ चिप भरायची ती प्रिंटर पोर्टला जोडलेल्या घरगुती केबलने. त्या केबलचं काम पाहा: रीसेट, ठोका, जाणारा डेटा, येणारा डेटा. बायोसच्या चार तारांशी जवळपास तंतोतंत जुळतं. २००५च्या सुमारास इंटेलच्या आयसीएच७ चिपसेटपासून मदरबोर्ड आठ पायांच्या एसपीआय फ्लॅशकडे वळू लागले, तेव्हा अंबाझरी, काटोल रोड, वानाडोंगरीच्या कॉलेजांतून सुटे भाग घ्यायला बर्डीला येणाऱ्या पोरांच्या दप्तरात ही केबल आधीच होती. फ्लॅशरॉम या मुक्त प्रोग्रामनेही रेयर नावाच्या अशाच प्रिंटर-केबलला पाठिंबा दिला. आणि नेमक्या त्याच वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग शिगेला पोचलं. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं वेशीवर असूनही नागपूरची लाइट जायची. अर्ध्यावर तुटलेला बायोस हा प्रकार मग अपवाद कसा राहील? पुढे लॅपटॉपमधून आणि मग बोर्डांवरूनही प्रिंटर पोर्ट गेला. त्याची जागा घ्यायला यूएसबीतून तोच पोर्ट देणारी चिप काही शे रुपयांत मिळू लागली, ती म्हणजे आपली काळी पट्टी.

माझ्या सिद्धान्ताला एक गोष्ट खटकते, ती लपवत नाही. फ्लॅशला बाइटचा सर्वांत मोठा बिट आधी लागतो, सीएच३४१ए मात्र सर्वांत लहान बिट आधी पाठवतो. म्हणून फ्लॅशरॉमला प्रत्येक बाइट उलटा करून द्यावा लागतो. प्रिंटर पोर्टात आठही बिट एकदम जातात, तिथे आधी-नंतरचा प्रश्नच नाही. लहान बिट आधी ही चाल सीरियल पोर्टची, टेलिप्रिंटरच्या काळापासूनची. म्हणजे आजोळ सीरियलकडचं, असं मी धरून चालतो.

पाच व्होल्टचं बालंटही मी आधी प्रिंटरवरच टाकलं होतं. काळ्या पट्टीवर फ्लॅशचा वीजपुरवठा ३.३ व्होल्टचा, पण डेटाच्या तारांवर पाचच्या आसपास येतात, ते ३.३च्या चिपला जास्त होतात. पण दोष प्रिंटरचा नाही: सीएच३४१ए पाच आणि ३.३ अशा दोन्ही व्होल्टेजवर चालतो. पट्टी बनवणाऱ्याने यूएसबीचे पाच व्होल्ट सरळ त्याला देऊन टाकले, एवढंच. सावध कारागीर आयसीचा २८ नंबरचा पाय बोर्डावरून उचलतात, तार डाखून त्याला ३.३ देतात, ९ नंबरलाही तेच. १.८ व्होल्टच्या चिपा अलीकडे लॅपटॉपमध्ये बऱ्याच येतात, त्यांना एवढ्याने भागत नाही. मधे वेगळा अडॅप्टर लावावा लागतो, म्हणून क्लिप लावण्याआधी भिंग घेऊन चिपवरचा नंबर वाचायचा.