मस्टरवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव

ताडकळसच्या आमच्या घरात जुन्या गोष्टी निघाल्या की आजी बहात्तरच्या दुष्काळावर रेंगाळायची. निजामाचा काळ, रझाकारांचा धाक, हे ती भराभर सांगे. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण बाईच्या कामात काही फरक पडला नाही, एवढं म्हणून पुढे सरके.

बहात्तरबद्दल मात्र तिला किती सांगू असं व्हायचं. मिलोच्या लाल भाकरी, लेकरांना सुकडी आणि सरकारनं काढलेली रस्त्यांची, नालाबंडिंगची कामं. आजी आणि आत्या खडी फोडायला जात. तोवर दोघींनी खुरपणी, कापूस वेचणी, ज्वारीची काढणी, सगळं केलेलं. घरच्या रानात त्याचा मोबदला नव्हता. दुसऱ्याच्या रानात बाईचा रोज बाप्याहून कमी. खडीच्या कामावर मात्र मोजमापावर पैसे. आत्या म्हणायची, "खडी बाईनं फोडली का बाप्यानं, ब्रास तर तेवढाच भरतो ना?" पगाराच्या दिवशी मस्टरवरचं तिचं नाव पुकारलं जाई. अमक्याची बायको म्हणून नाही, तिचं स्वतःचं नाव. अंगठाही तिचाच. त्या नोटा संध्याकाळी बहुतेक वेळा घरच्या कर्त्याकडे जात, हेही तिनं कधी लपवलं नाही.

याच अनुभवातून पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. त्यामागचं वि. स. पागे यांचं नाव आपण आदरानं घेतो, घ्यायलाच हवं. मला मात्र त्या कायद्यामागे हातोडी धरलेल्या या बायाही दिसतात.

मस्टरवर नाव आलं, सातबाऱ्यावर येईना. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखावर बाया जमल्या. मग संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' मांडली: गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करावी. अनेक गावांनी केली. कायद्याच्या सक्तीशिवाय, नवऱ्यांनी स्वतःहून. याचं मोल मला फार वाटतं.

लेकीचा प्रश्न याहून अवघड. महाराष्ट्रानं १९९४मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत तिला वाटा दिला, पण तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. ९ सप्टेंबर २००५पासून देशभर लग्न झालेल्या लेकीलाही मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. तरी आमच्याकडे बाप गेला की बहिणीला गाडीत बसवून हक्कसोड लिहून घेतात, वर साडीचोळी करतात. ती सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल. या सहीला राजीखुशी म्हणायला माझं मन धजत नाही.

आजोबा गेल्यावर आत्यापुढेही कागद आला. ती एवढंच म्हणाली, "वाटणी मागत नाही रे, पण मव्हं नाव खोडू नका." घरात दोन वर्षं अबोला होता. आजी लेकीच्या बाजूनं उभी राहिली, आणि नाव राहिलं. पीककर्जाच्या कागदांवर आता आत्याचीही संमती लागते. पूर्णेला बँकेत जायच्या आधी दोघे भाऊ तिला फोन करून विचारतात, या साली किती उचलायचं.