रंगाऱ्याकडचा पोरगा आणि ओळखपत्रांची शाई

ऑनलाइन नकली आयडी विकणाऱ्यांचा एक ठरलेला दावा असतो: रंग अगदी डिट्टो मिळेल. ते ऐकलं की मला पॅरिसमधला एक पोरगा आठवतो. त्याने रंगात चूक केली असती, तर कार्ड दाखवणारा माणूस थेट छळछावणीत गेला असता.

त्याचं नाव आदोल्फो कामिन्स्की. जन्म १९२५चा, ब्युनोस आयर्सचा. घरचे ज्यू. पुढे कुटुंब फ्रान्समध्ये, नॉर्मंडीतल्या वीर गावी आलं. तिथे हा एका रंगाऱ्याकडे कामाला लागला. कापडाला रंग कसा धरतो, डाग कशाने जातो, हे तो हाताने शिकला. गावातल्या डेअरीत आणखी एक गंमत दिसली. सायीचा कस बघायला तिच्यात निळा रंग टाकायचे आणि लॅक्टिक ॲसिडमुळे तो उडून जायचा. पोराने हे डोक्यात ठेवलं.

१९४३ साली हे कुटुंब पॅरिसजवळच्या द्रान्सी छावणीत अडकलं. अर्जेंटिनाचं नागरिकत्व होतं म्हणून सुटलं. पण पुन्हा पकडलं तर? म्हणून वडिलांनी खोटी कागदपत्रं आणायला याला भूमिगत चळवळीतल्या माणसांकडे पाठवलं. बोलता बोलता त्यांची अडचण कळली: वॉटरमनची निळी शाई काही केल्या पुसली जात नाही. पोरगा म्हणाला, लॅक्टिक ॲसिड लावून बघा. शाई गेली! आणि अठराव्या वर्षी हा त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

म्हणजे बघा, तेव्हा ज्यूंच्या ओळखपत्रावर लाल शाईत 'ज्यू' असा शिक्का मारत. तो शिक्का आणि खरं नाव, दोन्ही जिवावर उठलेले. नवं कार्ड करताना कागद आणि शाई, दोन्हींची छटा जुळायलाच हवी. कारण तपासणाऱ्या पोलिसाकडे मशीन नव्हतं, होते फक्त डोळे.

एकदा ३०० मुलांसाठी कागद हवे होते. हातात ३ दिवस, कागद ९००हून जास्त. कामिन्स्कीचा हिशोब सरळ होता: तासाला ३० कागद होतात, म्हणजे मी तासभर झोपलो तर ३० माणसं मरतील. त्याच्या कामामुळे सुमारे १४,००० जीव वाचले असं मानलं जातं. आणि या कामाचे पैसे? एकदाही घेतले नाहीत.

आज आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही असते. स्कॅन केलं की खरंखोटं कळतं, रंग कितीही डिट्टो असू दे. उलट विकणाऱ्याकडे तुमचा फोटो आणि पत्ता मात्र कायमचा राहतो.

कामिन्स्की जानेवारी २०२३मध्ये, ९७व्या वर्षी पॅरिसमध्ये वारले. त्यांनी वाचवलेल्या पोरांची नातवंडं आज आपल्याच वयाची असतील. खऱ्या नावाची कार्डं खिशात घेऊन, बिनधास्त फिरणारी.

भेटू पुढच्या भागात!