एसएटी परीक्षेतील ‘पाचशे’ या अंकाचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या एसएटी परीक्षेचे गुण आपल्या परिचयाच्या शेकडेवारीत बसत नाहीत. एका विभागाचे गुण २०० पासून ८०० पर्यंत असतात. ज्याचे एकही उत्तर बरोबर नाही, त्याच्याही पदरात २०० पडतात, ही गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्यास प्रथम गमतीचीच वाटते. तथापि ही गुणपट्टी लहरीने आखलेली नाही. तिच्या मध्यावरील ५०० या अंकास गेल्या शंभर वर्षांत तीन निरनिराळे अर्थ प्राप्त झाले, आणि ते ध्यानात न घेता दोन कालखंडांतील गुणांची तुलना करणारा अभ्यासक हमखास फसतो.

ही परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी झाली व तीस ८,०४० उमेदवार बसले. तिची आखणी करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल ब्रिगम हे प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ होत. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या ज्या बुद्धिमापन कसोट्या घेण्यात आल्या, त्यांच्या आधारे ब्रिगम यांनी १९२३ साली वंशावंशांतील बुद्धिभेदाचा सिद्धांत मांडला होता. १९३० मध्ये त्यांनी तो स्वतःच निराधार ठरविला. सिद्धांत गेला, परीक्षा मात्र उरली.

आरंभीची गणना सोपी होती. उमेदवारांच्या कच्च्या गुणांचे मध्यमान काढून त्यास ५०० म्हणावयाचे आणि एका प्रमाण विचलनास १०० ही किंमत द्यावयाची. मध्यमानाहून एक प्रमाण विचलन वर असलेल्यास ६००, तितकेच खाली असलेल्यास ४००. यांत मोठी अडचण अशी की, ५०० म्हणजे केवळ त्या दिवशी परीक्षेस बसलेल्यांची सरासरी. परीक्षा जूनखेरीज एप्रिलमध्येही होऊ लागल्यावर हा दोष अधिकच जाणवू लागला. कारण एखाद्या वेळचा गट अधिक हुशार असल्यास त्यांतील उमेदवाराचा अंक विनाकारण खाली येणार, हे उघड आहे.

यावर १९४१ साली उपाय योजण्यात आला. त्या वर्षीच्या एप्रिलमधील दहा हजारांहून काही अधिक उमेदवारांचा गट भाषिक विभागापुरता कायमचा संदर्भगट मानण्यात आला. पुढील वर्षी गणिताची पट्टीही त्यास जोडण्यात आली. यापुढे नव्या प्रश्नपत्रिकेची जुन्या पत्रिकेशी काही समान प्रश्नांच्या द्वारे सांगड घालून कच्च्या गुणांचे रूपांतर होऊ लागले. पत्रिका कठीण निघाल्यास कमी बरोबर उत्तरांनाही तोच अंक मिळावा, हा यातील हेतू. (आपल्याकडील जेईई मेन परीक्षेत २०१९ पासून प्रत्येक सत्राचे शततमक काढून ती एकत्र केली जातात, तेथे सर्व सत्रांतील गट समबल आहेत असे गृहीत धरावे लागते. समान प्रश्नांच्या पद्धतीत त्या गृहीताची गरज उरत नाही.)

कच्चे गुण काढण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. पाच पर्यायांच्या प्रश्नात चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होई. साठ उत्तरे बरोबर व वीस चूक असल्यास ६० वजा ५, म्हणजे ५५. अंदाजाने पाच प्रश्न सोडविणाऱ्याचे सरासरीने एक बरोबर व चार चूक येणार, म्हणजे त्याचा लाभ शून्य. वजाबाकीची ही रीत २०१६ साली सोडून देण्यात आली.

पट्टी स्थिर राहिली, परंतु परीक्षार्थी बदलले. १९४१ चा गट लहान आणि बव्हंशी सुस्थित घरांतील होता. युद्धोत्तर काळात परीक्षेचा विस्तार सर्व थरांत झाला. १९६३ साली भाषिक विभागाचे मध्यमान ४७८ व गणिताचे ५०२ होते. १९७७ मध्ये ते अनुक्रमे ४२९ व ४७० झाले. शिक्षणाचा ऱ्हास झाल्याची ओरड उठली. विलर्ड विर्ट्झ यांच्या समितीने १९७७ साली असे दाखविले की, १९७० च्या सुमारापर्यंतच्या घसरणीचा मोठा भाग परीक्षार्थींच्या बदललेल्या संमिश्रतेमुळे होता. त्यापुढील घसरणीस मात्र तेवढे कारण पुरत नव्हते. समितीचा हा दुसरा निष्कर्ष वर्तमानपत्री वादात पुष्कळदा गाळला जातो, हे नमूद करणे अवश्य आहे.

दरम्यान दोन विभागांतील तुलनाही बिघडली होती. १९९५ साली भाषिक मध्यमान ४२८ व गणिताचे ४८२ होते. भाषेत ४५० व गणितात ४७० मिळविणारा विद्यार्थी स्वतःस गणितात सरस समजे. वस्तुतः तो भाषेत सरासरीच्या वर आणि गणितात खाली असे. यास्तव एप्रिल १९९५ पासून १९९० च्या दहा लाखांवर उमेदवारांचा गट नवा आधार ठरला. परिणामी १९९५ चीच मध्यमाने नव्या पट्टीवर ५०४ व ५०६ झाली. विद्यार्थ्यांचे ज्ञान रतिमात्रही वाढले नव्हते. टीकाकारांचा खरा सबळ आक्षेप वरच्या टोकासंबंधी होता. जुन्या पट्टीवर भाषेत ७३० मिळविणाऱ्यास आता ८०० मिळू लागले, आणि अत्युच्च गुणवत्तेतील भेद दाखविण्याची पट्टीची शक्ती तेवढी घटली.

२००५ साली लेखनाचा विभाग मिळून एकूण गुण २४०० झाले व २०१६ मध्ये ते पुन्हा १६०० वर आले. २०२४ पासून अमेरिकेत परीक्षा संगणकावर होते. प्रत्येक विभागाचे दोन भाग असून पहिल्यातील कामगिरीवरून दुसऱ्याचे काठिण्य ठरते. त्यामुळे सारखीच बरोबर उत्तरे देणाऱ्या दोघांचे अंक आता भिन्न असू शकतात.