पेज लॉक (लिनक्स कर्नल)

पेज फॉल्ट सोडवताना मेमरीतील पेज अन्य प्रक्रियेने बदलू किंवा काढून टाकू नये म्हणून कर्नल लावत असलेले कुलूप (→ आभासी स्मृती, ऑपरेटिंग सिस्टिम).

फाइलचे पेज पेज-कॅशमध्ये सापडल्यावर ते प्रक्रियेच्या पेज टेबलात नोंदवण्यापूर्वी फाइल आखूड केली गेली, तर फाइलपासून तुटलेले पेज प्रक्रियेच्या हाती राहते. पूर्वी कर्नल एका मोजणी-अंकावरून असा बदल ओळखून काम पुन्हा करी. मात्र कॅशमधून पेज बाद करण्याच्या इतर मार्गांना हे संरक्षण नव्हते. कर्नल-विकासक निक पिगिन यांच्या सुधारणेने 2.6.23 (2007) आवृत्तीत फॉल्ट-फलन पेज कुलूपबंद स्थितीतच परत देऊ लागले. पेज काढणाऱ्यालाही तेच कुलूप घ्यावे लागत असल्याने पेज अद्याप त्याच फाइलचे आहे ना, एवढे तपासणे पुरते. नियम सोपा झाला, हेच या बदलाचे मर्म.

कुलूप म्हणजे पेजच्या ध्वजांतील एक बिट. पेज डिस्कवरून येत असताना ते लागलेले असते. त्यामुळे प्रतीक्षा लांबू शकते. म्हणून 2.6.37 (2011) पासून प्रक्रियेच्या मेमरी-नकाशाचे मोठे कुलूप सोडून फॉल्ट पुन्हा सोडवण्याची सोय आहे (→ पेज-कॅश, मल्टिथ्रेडिंग). 5.16 (2022) पासून पेजऐवजी फोलिओ (एक वा अधिक पेजांचा गट) हे एकक रुजू लागले.